फुकट शिबिरात पन्नाशीपुढच्या सगळ्यांची पीएसए करावी का?

कडक_भाकरी:
दिवाळीनंतर आमच्या भागात मोफत तपासणी शिबिर झालं. शुगर, बीपी आणि पुरुषांसाठी खास म्हणून पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या संशयासाठीची रक्ताची टेस्ट. अण्णा (वय 68) हौसेनं गेले. चार दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला: 7.2, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. फोन केला तर "कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवा", संपला विषय. त्या रात्री अण्णा ताटावरून तसेच उठले आणि बँकेची पासबुकं कुठं ठेवलीत ते आईला दाखवून आले.

युरोलॉजिस्टचा पहिलाच प्रश्न: लघवीला जळजळ होती का? होती, शिबिराच्या आधी आठवडाभर. अण्णांनी सांगितलं नव्हतं, कारण शिबिरात कुणी विचारलंच नव्हतं. फॉर्मवर नाव, वय, मोबाइल नंबर, बास. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दीड महिना थांबून परत टेस्ट केली: 1.9.

माझं मत, शिबिरातून पीएसए काढून टाका. पीएसए हे एक प्रोटीन, पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी ते बनवते, कॅन्सर असो वा नसो. वयानं ग्रंथी वाढली, इन्फेक्शन झालं, तरी आकडा चढतो. 1970 मध्ये प्रोस्टेटमधलं अँटिजेन ओळखणारे रिचर्ड ॲब्लिन हेच पुढं सरसकट तपासणीचे कडवे विरोधक झाले, यातच काय ते आलं.

जॉबरचा_पोरगा:
अण्णांचा दीड महिना वाईट गेला, मान्य. आता माझ्या मामाचं ऐका. अक्कलकोट रोडला पावरलूमवर तीस वर्षं जॉबर, म्हणजे लूम नीट चालू ठेवणारा. कंबर दुखली की बाम, पट्टा, मालिश. दिवसभर लूमवर वाकणाऱ्याची कंबर धरणारच, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. वर्षभरानं पाय उचलेना तेव्हा एमआरआय केला. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरला होता. पीएसए सहाशेच्या वर.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडलं की हा कॅन्सर मागं हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 ला त्यांना नोबेल मिळालं. त्यासाठी आज बहुतेकदा एक तर दर काही महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच ऑपरेशन करून दोन्ही अंडकोष काढणं. मामानं खर्च बघून ऑपरेशन घेतलं. मामीला हर्नियाचं सांगितलंय. आज तो काठी घेऊन चालतो, पण बरा होणार नाही. तुम्ही टेस्ट काढून टाका म्हणता. ती दोन वर्षांपूर्वी कुणीतरी केली असती तर?

कडक_भाकरी:
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण वर्षभर कंबर दुखणाऱ्या साठीतल्या माणसाची पीएसए करणं वेगळं आणि काहीच त्रास नसलेल्या हजार जणांची करणं वेगळं. युरोपात 1,60,000 हून जास्त पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे 23 वर्षांचे आकडे 2025 मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू 13 टक्क्यांनी घटले. ऐकायला छान. पण एक मृत्यू टाळायला 456 जणांना तपासणीला बोलवावं लागलं.

जॉबरचा_पोरगा:
2009 मध्ये त्याच अभ्यासात हा आकडा 1,410 होता. जितकी वर्षं जातात तितका फायदा वाढतोय, हे का सोडलं?

लॅबवाली_ताई:
मी रक्त काढणाऱ्यांपैकी आहे, म्हणून बोलते. दोघंही टेस्टवर भांडताय, गडबड टेस्टनंतर होते. पूर्वी आकडा चढला की सरळ बायोप्सी, म्हणजे सुईनं प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासणं. 2018 च्या प्रिसिजन अभ्यासात 500 पुरुष होते: आधी एमआरआय, त्यात संशय आला तरच सुई. घातक कॅन्सर जास्त सापडले, निरुपद्रवी कमी. आणि सापडला म्हणजे लगेच कापायचा असंही नाही. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात 1,643 जण होते. काहींवर नुसतं लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन. 15 वर्षांत या कॅन्सरनं 45 जण गेले, तिन्ही गटांत जवळपास सारखेच.

जॉबरचा_पोरगा:
ताई, त्याच अभ्यासात नुसतं लक्ष ठेवलेल्यांत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं, 9.4 टक्के. मामाची कंबर बघितल्यावर मला ते ‘सारखेच’ वाटत नाही.

बार्शी_रोड:
तपासणी कशी असावी ते लांब बघायला नको. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईच्या टाटानं शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1,31,746 बायकांचा अभ्यास केला, 2009 मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट (ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याची), आणि मृत्यू निम्म्यावर. पण तिथं टेस्टच्या मागं उपचाराची सोय उभी होती. आपल्या शिबिरात मागं काय असतं? पेंडॉल आणि सत्काराचे नारळ.

लॅबवाली_ताई:
नारळाचं सोडा, ते शुगरच्या शिबिरातही असतात. फॉर्मवर दोन प्रश्न घाला: लघवीला त्रास आहे का, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का.

गड्डा_यात्रा:
गोळीचं का? आमच्या नानांना तीन वर्षांपासून चालू आहे. ह्याच शिबिरात गेले होते. 3.4 आली, नॉर्मल म्हणून लिहून आलंय.

लॅबवाली_ताई:
पाकिटावर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड लिहिलंय का बघा. त्या गोळ्यांनी पीएसए साधारण निम्मी दिसते. तसं असेल तर 3.4 हे सातच्या आसपास धरतात.

गड्डा_यात्रा:
फिनास्टेराइडच आहे.

कडक_भाकरी:
दादा, आमच्या युरोलॉजिस्टचा नंबर मेसेज केलाय. रिपोर्ट आणि गोळीचं पाकीट दोन्ही न्या.