धुळ्यातली जुनी ग्रंथालयं: बाबांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. मी जळगावची. डिसेंबरात बाबांना घेऊन धुळ्याला जातेय. ते निवृत्त शिक्षक, मोडी वाचतात. राजवाडे मंडळ (जुन्या ऐतिहासिक कागदांचा संग्रह) आणि वाग्देवता मंदिर (रामदासी हस्तलिखितांचं ग्रंथालय) एकाच दिवसात होतील का? त्यांचे गुडघे दुखतात, हेही ध्यानात घ्या.

आग्रारोडकर:
ताई, एका दिवसात उरकू नका. बाबांना मोडी येते, म्हणजे एकट्या राजवाडे मंडळातच त्यांचा दिवस जाईल. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून या माणसाने कागद गोळा केले, नाहीतर कितीतरी दप्तरं वाळवीने खाल्ली असती. ते अक्षर समोर बघताना फार भरून येतं. खाली संग्रह बघून निघून येणारे पुष्कळ, पण तुम्ही तसं करू नका. आधी फोन करून विषय नेमका सांगा: कुठला परगणा, कुठला काळ. नुसतं 'जुने कागद दाखवा' म्हटलं तर कोणता रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) सोडायचा हे त्यांना तरी कसं कळणार? पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. भिंग असेल तर तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव पेशाने वकील. त्यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी बाडं, म्हणजे जुनी हस्तलिखितं, मिळवली. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथे जपलंय. त्याचं दर्शन चुकवू नका.

पांझराकाठ:
+१. परतताना वाट जरा वाकडी करून अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिरही बघा. 1916 मध्ये प्रताप शेठजींनी उभारलं. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी तिथेच अभ्यासाला होते. तिथून जळगावला रेल्वे आहे, बाबांना एसटीचे धक्के नकोत.

तापीकाठ:
दादा, मनापासून आभार! बाबांना विचारलं. पारोळ्याकडचे पेशवाईतले कागद बघायचेत म्हणाले. भिंग आत्ताच कपाटातून काढून ठेवलंय. उद्याच मंडळात फोन करते.

आग्रारोडकर:
सुट्टीचा वार आणि जिन्याचंही त्याच फोनवर विचारून घ्या. कागद खाली आणून दाखवता येतील का, हे आधी बोललेलं बरं.