गुलाबी पाण्यात आनंद कुठून आला?

कोरा कॅनव्हास
आँरी मातिसचं 'उघडी खिडकी, कोलिऊर' हे १९०५चं चित्र. कोलिऊर म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं, स्पेनच्या सीमेजवळचं मासेमारीचं बंदर. खिडकीबाहेर निळ्या होड्या, खाली चक्क गुलाबी पाणी, वर फिरोजी, गुलाबी, जांभळट पट्ट्यांचं आभाळ. या चित्राबद्दल कुठेही वाचा, 'रंगांतून ओसंडणारा आनंद' ठरलेला. मला पटत नाही. समुद्र, ऊन, उघडी खिडकी म्हटलं की आनंद आपणच घेऊन येतो. डावी भिंत हिरवट निळी, उजवी भडक गुलाबी, हे रंग एकमेकांवर आदळावेत म्हणून निवडलेत. यात भावना कसली, हिशेब आहे.

निळी शाई
हिशेब आहेच, पण गाण्यातही मात्रा मोजाव्याच लागतात. शेव्रल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच काढला. हिरव्याशेजारी गुलाबी आला की दोन्ही चेकाळतात, नजर एका जागी ठरत नाही. ही अस्वस्थ उत्फुल्लता समुद्र ओळखायच्या आधीच जाणवते.

कोरा कॅनव्हास
डोळ्यांना चुणचुणणं म्हणजे भावना नव्हे. शिवाय त्याच वर्षी पॅरिसच्या 'सालों दोतोन' प्रदर्शनात हे चित्र लागलं, तेव्हा समीक्षक व्होसेलने मातिस आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांना 'जंगली श्वापदं' म्हटलं. बरेच प्रेक्षक चिडले, हसले. आनंद रंगातच भरलेला असता तर त्यांना का नाही मिळाला?

वाचनमात्र
अवांतर: मूळ चित्र जेमतेम ५५ बाय ४६ सेंमी आहे. चर्चा ऐकून भिंतभर वाटतं. चालू द्या.

भरतीओहोटी
चिडले म्हणजे काहीतरी पोचलंच की! बरं, मातिसचंच १९१४चं चित्र घ्या. तेच गाव, तीच खिडकीची कल्पना, महायुद्ध नुकतंच पेटलेलं. कडेला निळसर, करडे, हिरवे उभे पट्टे आणि मधोमध, जिथे समुद्र दिसायला हवा तिथे, सपाट काळा. नीट पाहिलं तर काळ्याखाली बाल्कनीच्या कठड्याच्या खुणा सापडतात. म्हणजे आधी बाहेरचं रंगवलं आणि मग बुजवलं. हाही हिशेबच?

कोरा कॅनव्हास
तुम्हाला १९१४ माहीत आहे म्हणून काळ्यात युद्ध दिसतंय. तारीख झाका, मग ती साधी रात्र होईल. त्यावर मातिसची सही नाही, हयातीत त्याने ते प्रदर्शनात मांडलंही नाही. कदाचित अर्धवटच राहिलं असेल. अर्धवट चित्रावर एवढा शोक लादायचा?

निळी शाई
तारीख झाकली तरी रंगांची कामगिरी दिसते. मी १९०५च्या चित्राची प्रत घेऊन फक्त पाणी निळं करून पाहिलं. होड्या त्यात विरघळल्या, उजवी भिंत एकटी पडून नुसतीच भडक दिसू लागली, सगळी खिडकी निवली. विषय तोच, ऊन तेच, समुद्रही तोच. आनंद आपण बाहेरून आणत असू, तर तो आता का येईना?

कोरा कॅनव्हास
चित्र बिघडलं, एवढंच सिद्ध झालं. उदास झालं असं तुम्हीही म्हणत नाही.

निळी शाई
'निवली' म्हणालो ना. अजून काय हवं?