पालेभाजी फ्रीझरमध्ये ठेवताना उकळत्या पाण्याचा खटाटोप हवाच का?

पालेभाजी उकळत्या पाण्यातून न काढता नुसती धुऊन, चिरून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल का, असा प्रश्न आहे. महिनाभरात संपवणार असाल तर खुशाल भरा. हिवाळाभर पुरवायची असेल तर मात्र आळस करू नका, आधी पानं थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवून काढा. नाहीतर गोठल्यावरही पानांतली एन्झाइम्स (पानांत बदल घडवणारे नैसर्गिक घटक, जे उकळत्या पाण्याने थांबतात) हळूहळू काम करतच राहतात, त्यामुळे रंग मळतो आणि वाळल्या गवतासारखा वास येतो. मी एकदा हा आळस केला होता, पिशवी शेवटी खतात गेली.

पाणी भरपूर घ्या. अर्ध्या किलो पानांना ७-८ लिटर, म्हणजे पानं टाकल्यावर उकळी लगेच परत येते. वेळ तिथून मोजायची: पालकाला २ मिनिटं, कोलार्डसारख्या (कोबीच्या कुळातली एक पालेभाजी) जाड पानांना ३. लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून तितकाच वेळ ठेवा, नाहीतर आतल्या उष्णतेने पानं शिजतच राहतात.

आणि पिळा! घट्ट पिळा. राहिलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि भाजीत पुन्हा पाणीच पाणी. मी एका वेळेला लागतील एवढे मुठीएवढे गोळे करते, ताटात सुटे गोठवते, मग हवा काढून पिशवीत. तारीख लिहाच, दोन महिन्यांनी सगळे गोळे सारखेच दिसतात. उणे १८ अंशांना ८-१० महिने छान राहतात. वापरताना वितळवत बसू नका, थेट पातेल्यात.

लेट्यूसच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्याचा चिखल होतो.