परदेशात मराठी पुस्तक हुडकताना : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मागच्या रविवारी फोनवर आई म्हणाली, "कपाट आवरताना तुझं वाचनालयाचं कार्ड सापडलं. टाकून देऊ का?" मी एवढ्या जोरात "नको" म्हणालो की शेजारी बसलेली बायको दचकली. वर्गणी भरून अकरा वर्षं झाली. त्या कार्डावर आता मला कुणी जुना दिवाळी अंकसुद्धा देणार नाही. तरी नको.

हिराचंद नेमचंद वाचनालयात आमचा रिवाज ठरलेला होता. नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात आधी हात घालायचा. दुसऱ्या कुणीतरी वाचून आणलंय म्हणजे बरं असणार, हा हिशोब. कपाटापर्यंत जायची वेळ क्वचित यायची.

अॅमस्टरडॅमला आलो आणि पुस्तकं किलोत मोजायला शिकलो. तेवीस किलोची बॅग, आई ती ताणकाट्याला लटकवणार, बाबा बॅटरी धरून आकडा वाचणार, आणि मग शेंगा चटणी की कादंबरी यावर वाटाघाटी. एका वर्षी आईने तोडगा काढला : कडक भाकऱ्या दोन जाड पुस्तकांच्या मध्ये ठेवल्या, म्हणजे मोडत नाहीत. भाकऱ्या शाबूत पोचल्या. चटणीची पिशवी मात्र फुटली आणि तेल शंभरेक पानं पार करून गेलं. ते पुस्तक अजून उघडलं की भूक लागते.

तर मंडळी, तुम्ही कुठे आहात आणि वाचायला कसं मिळवता? चोरट्या पीडीएफच्या लिंका नकोत, बाकी सगळं लिहा.

शिकागोहून

मी इथे विद्यापीठात शिकायला आले तेव्हा पहिल्या महिन्यातच रेगेनस्टाइन ग्रंथालयाच्या संगणकावर मराठी पुस्तकं शोधली. इंग्रजी अक्षरांत 'वाचन' लिहिलं, आपण मोबाइलवर लिहितो तसं, 'सी'नंतर 'एच' लावून. काहीच नाही. 'चरित्र' लिहिलं. शून्य. घरी फोन करून सांगून मोकळी झाले की इथे मराठी नाहीच.

नंतर दक्षिण आशिया विभागातल्या बाईंनी माझी चूक दाखवली. अमेरिकन ग्रंथालयांच्या लिप्यंतरात 'च' म्हणजे नुसतं 'सी', आणि 'सी एच' म्हणजे 'छ'! शिवाय शब्दाच्या शेवटचा, आपण न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहायचा. म्हणजे सोलापूर 'र'वर संपत नाही, पुढे 'ए' लागतो. तसं टाकलं आणि पडदा भरून गेला. नव्या नोंदींत देवनागरीही असते, पण जुनं काही हवं असेल तर हे सूत्र घोकून ठेवा.

एवढी पुस्तकं इथे आली कशी, त्याचीही गंमत आहे. पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली तिकडचा गहू भारतात यायचा, हे आजीकडून ऐकलं होतं. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत देत असे. त्या रुपयांतले काही वापरून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने भारतातली पुस्तकं घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली. थोडक्यात, आजीने रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेल्या गव्हाच्या पैशांतून माझी कपाटं भरली.

एक कवितासंग्रह काढला, तर आत छापखान्याचा पत्ता मंगळवार पेठ, सोलापूर. मागच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, १९८७चा. त्यानंतर मीच. तो मी चार वेळा मुदत वाढवून ठेवून घेतला. कविता खरं सांगायचं तर सुमार आहेत.

शारजाहून

आमच्याकडे ग्रंथालयाची भानगडच नाही, पेटी आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ला सुरू झाली, तिच्या पेट्या इकडे आखातातही आल्या. आम्ही काही घरं मिळून एक पेटी वापरतो. सगळी वाचून झाली की ती दुसऱ्या गटाला द्यायची आणि त्यांची आणायची. पेटी माझ्याकडे असली की घरात दर दोन दिवसांनी चहा टाकावा लागतो. नवरा म्हणतो, वाचनालय चालवतेस की हॉटेल?

आपल्याला निवडता येत नाही, हाच फायदा आणि हाच तोटा. मी जन्मात हातात धरलं नसतं असं शेतीवरचं पुस्तक पेटीत दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून वाचलं, आणि सुट्टीत गेले तेव्हा मोहोळच्या मामांशी पहिल्यांदा तासभर बोलले.

न्यू जर्सीहून

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी. इथल्या गावच्या लायब्ररीत तेलुगूचं कपाट आहे, हिंदी आहे, गुजराती तर भिंतभर. मराठी नाही. काउंटरवर विचारलं तर उलट प्रश्न आला, "हिंदीतच येतं ना ते?" काय सांगणार बे त्यांना!

पण इथे कार्ड फुकट असतं. ना वर्गणी, ना अनामत. राहण्याचा पुरावा दाखवला की झालं. आणि 'हे पुस्तक मागवा' असा अर्ज कुणालाही करता येतो. मग आम्ही सहा कुटुंबांनी ठरवून वर्षभर अर्ज केले. दर महिन्याला एकेकाने, निरनिराळी पुस्तकं, प्रकाशकाच्या नावासकट. आता खालच्या फळीवर बावीस मराठी पुस्तकं आहेत, बहुतेक मुलांची. फळी टिकवायची असेल तर ती घरी न्यायला लागतात, नाहीतर कुणी वाचत नाही म्हणून काढून टाकतात. म्हणून माझा नववीतला मुलगा महिन्यातून एकदा ससा-कासवाच्या गोष्टीचं पुस्तक मुकाट्याने घरी आणतो.

स्टुटगार्टहून

आमच्याकडे दुसऱ्या गावचं पुस्तक मागवायच्या सोयीला फर्नलाइहे म्हणतात. हायडेलबर्ग विद्यापीठात दक्षिण आशियाचा मोठा संग्रह आहे, तिथलं मराठी पुस्तक मी आमच्या शहरातल्या काउंटरवर मागवतो. दीडेक युरो लागतात. टपरीवरच्या चहापेक्षा महाग, पण एअरपोर्टवरच्यापेक्षा स्वस्त.

मुलाकडे लंडनला आलेला एक आजोबा

सहा महिन्यांचा व्हिसा, आणि तिसऱ्या आठवड्यातच घरातली वर्तमानपत्रं संपली. मुलाने ब्रिटिश लायब्ररीचा पास काढून दिला. फुकट आहे. पुस्तक घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचं. आशिया-आफ्रिकेची खोली तिसऱ्या मजल्यावर. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. साठ वर्षांनी शिसपेन्सिलीला टोक केलं.

१८६७च्या कायद्याने इंग्रजांच्या राज्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद व्हायची आणि त्यातली निवडक इकडे यायची. म्हणून जुनं मराठी इथे बरंच आहे. मला मात्र मार्शल लॉचं वाचायचं होतं. मे १९३०मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली. आमच्या वडिलांच्या तोंडून ते दिवस ऐकतच मी मोठा झालो. इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या जुन्या सरकारी खात्याच्या, कागदांत 'सोलापूर' शोधलं तर हाती फारसं लागेना. शेजारच्या टेबलावरची बंगाली मुलगी म्हणाली, "काका, जुनं स्पेलिंग टाकून बघा." शोलापूर! 'एस'नंतर 'एच'. मग आले की कागद.

शिकागोच्या मुली, तुला एक 'एच' काढावा लागला, मला एक घालावा लागला.

त्या फायलींतली माणसं आपल्या गावाला फार घाबरलेली होती, एवढं सांगतो. बाकी परत आल्यावर त्या चौघांच्या चार पुतळ्यांपाशी भेटू तेव्हा.

सिंगापूरहून

सरळ ई-पुस्तकं. किंडलवर २०१६च्या शेवटापासून मराठी मिळतं, बुकगंगावर त्याहून जास्त. मराठी विश्वकोश तर फुकट वाचता येतो. भावनिक व्हायला वेळ नाही, मेट्रोत वाचते.

परदेशात नाही, इथेच सोलापुरात, सात रस्त्याला

मी पाठवणारा माणूस. मुलगी कॅनडात. पार्सल बांधायचा माझा अनुभव दांडगा आहे म्हणून लिहितो. पुस्तकाला आधी प्लॅस्टिक, मग वर्तमानपत्र, मग खोकं, आणि खोक्याच्या चारी कोपऱ्यांत जुन्या चादरीचे तुकडे कोंबा. पुस्तकाचे कोपरे पहिल्यांदा मरतात. एका वर्षी कुरियरवाल्याच्या शब्दावर विसंबून दिवाळी अंक दसऱ्यानंतर दिले, ते तिला होळीला मिळाले. तिने फराळ करून ते वाचले म्हणे, मार्चमध्ये. तेव्हापासून अंक बाजारात आले की त्याच आठवड्यात जातात.

आणि ज्याने कार्ड जपून ठेवलंय त्याला : अहो, वर्गणी वडिलांच्या नावाने भरा की! ते रिकामे असतील तर संध्याकाळी वाचनालयात येतील. मी तिथेच असतो, वर्तमानपत्राच्या टेबलाला.

पुन्हा अॅमस्टरडॅमहून

काका, बाबांना विचारलं. त्यांचं उत्तर : "मला नको, तुझी आई जाईल." आई गेलीसुद्धा. परवा तिने परत आलेल्या ढिगातल्या वरच्या तीन पुस्तकांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "यातलं कुठलं घेऊ?"

जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येतोय. परतीच्या बॅगेत या वेळी चार किलो जागा मोकळी आहे. युरोपात कुणाला काही हवं असेल तर संक्रांतीच्या आधी कळवा. चटणीबरोबर येईल, तेलाची जबाबदारी माझी नाही.