मेळघाटात फिरणाऱ्या गाडीला वेगळं नेव्हिगेशन यंत्र घ्यावं की फोनच पुरे?

पायथ्याचा पशुवैद्य

नमस्कार मंडळी. मी परतवाड्यात राहतो, जनावरांचा डॉक्टर आहे. वर चिखलदरा-धारणीकडची गावं आणि खाली अचलपूर-अंजनगावचा सपाटीचा पट्टा, एवढं माझं फिरणं. रात्रीचे फेरेही होतात, कारण गाय अडली की ती उजाडायची वाट पाहत नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट सांगतो, म्हणजे माझा प्रश्न कळेल. पथ्रोटच्या बाजूच्या एका वस्तीवरून रात्री दहाला फोन आला. म्हैस व्याली आणि अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर पडलं. मी फोनवर रस्ता लावला. डांबरी रस्त्यानं नऊ किलोमीटर होतं, फोननं साडेतीनचा रस्ता दाखवला. वळलो. थोडं आत गेल्यावर कळलं की ही पांदण आहे, शेतात जाणारी मातीची वाट. काळ्या मातीत चाकं बसली ती हलेनात. त्यात मालकाचे फोनवर फोन, दर वेळी नकाशा पडद्यावरून जायचा. बैलजोडी लावून गाडी काढेपर्यंत दीड तास गेला. म्हैस गेली. त्या घरात दूध देणारं तेवढं एकच जनावर होतं.

तेव्हापासून मनात आहे की गाडीत वेगळं जीपीएस यंत्र बसवावं. गार्मिन, टॉमटॉमची पाच, सहा, सात इंची यंत्रं असतात, मॅपमायइंडियाचीही निघाली होती. नकाशा यंत्रातच असतो, रेंज लागत नाही, फोन बोलायला मोकळा राहतो. माझा कल घेण्याकडे आहे. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगावं, ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर नक्की सांगावं.

नकाशे आणि नाले

डॉक्टर, म्हशीचं वाचून वाईट वाटलं. तरीही स्पष्ट बोलतो: वेगळ्या यंत्रानंही ती वाचली नसती. पांदण हा रस्ता समजणं ही चूक नकाशाची. ज्या नकाशात पांदण आणि डांबरी एकाच रेघेनं काढलेत, तो नकाशा फोनमध्ये असो की सात इंची यंत्रात, तुम्हाला तिथेच नेऊन रुतवणार.

दुसरं, फोनचं जीपीएस रेंजवर चालतं हा समज काढून टाका. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात, फोन ते नुसते ऐकतो. चार उपग्रहांचं ऐकू आलं की जागा ठरते. सिम काढून ठेवा, निळा ठिपका चालतच राहील. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला, आणि सुरुवातीला जागा पटकन सापडायला. घरून वायफायवर सगळा अमरावती जिल्हा उतरवून ठेवा. गूगल मॅप्समध्ये उतरवलेला भाग वर्षाच्या आत नवा करून घ्यावा लागतो. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड या ॲपना तर नेट नसलं तरी काही अडत नाही, दोन्ही फुकट मिळतात, आणि दोन्हींत कच्चे रस्ते टाळायची सोय आहे. ती चालू करा. हजारो रुपये यंत्रात घालण्यापेक्षा हे आज रात्री करता येईल.

टॅक्सीवाला वर्धेचा

भाऊ, तुमचं ज्ञान मोठं आहे, पण मी बारा वर्षांपासून गाडी चालवून रायलो. मे महिन्यात दुपारी दोनले नागपूर-चंद्रपूर रोडनं जा अन् मंग फोनचं सांगा. बाहेर पंचेचाळीस डिग्री. काचेवरचा फोन पहिले चार्जिंग बंद करते, मंग पडदा अंधारा होते, मंग पुराच बंद पडते. आयफोनवाल्या कंपनीनं सोताच लिहून ठेवलं आहे का फोन पस्तीस डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडं पस्तीस तं सकाळी नऊले होते!

माह्या गाडीत सहा वर्षांपासून वेगळं यंत्र आहे. एवढ्या उन्हात एकदाही बंद नाही पडलं. फोन आला, मेसेज आला, नकाशा जागचा हालत नाही. अक्षरं मोठी, चष्मा न लावता दिसते. डॉक्टरसाहेब, तुमी घ्या. एकच सांगतो, त्याची बॅटरी तासभरच्या वर धरत नाही, वायर लावूनच ठेवा लागते. अन् काचेले नका चिकटवू, उन्हानं रबर सुटते. डॅशबोर्डवर ठेवाचं वजनदार बूड भेटते, ते घ्या.

शेंदूरजन्याची संत्री

टॅक्सीवाले दादा, समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा तुमच्या यंत्रानं काय दाखवलं, तेही सांगा ना.

टॅक्सीवाला वर्धेचा

सांगतो, लपवाचं काय त्यात. ११ डिसेंबर २०२२ ले नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झालं. माह्या यंत्रात गाडी वावरातून चालली होती, अन् ते यंत्र दर दोन मिनिटाले 'मागे वळा' म्हणे. नवा नकाशा भराले मले चार महिने लागले, काहून की कॉम्प्युटर लावून भरा लागते अन् माह्याकडं कॉम्प्युटर नाही. हे तं मान्य आहे. पण उन्हाचं तुमी खोडून दाखवा.

शेंदूरजन्याची संत्री

ऊन मान्य. माझं भांडण गावांच्या नावांवरून आहे, आणि ते कोणी काढलंच नाही म्हणून मी काढते.

आमची बाग वरुड तालुक्यात, शेंदूरजना घाटजवळ. दुसरं शेंदूरजना बाजार. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार हे दोन्ही अमरावती जिल्ह्यातच आहेत, आणि दोन्हींत अंतर कमी नाही. सावंगी, बोरगाव, वडगाव, पिंपळगाव तर मोजता येणार नाहीत इतके. वर खुर्द आणि बुद्रुक. माणूस सांगताना 'मेघ्यांचं सावंगी' म्हणतो, त्याला बरोबर कळतं. आम्ही एक जुनं यंत्र सेकंडहँड घेतलं होतं. त्यात नाव फक्त इंग्रजी अक्षरांतून टाकता यायचं. शेंदूरजनामध्ये एच कुठं आणि जे-नंतर किती ए, हे ज्यानं नकाशा भरला त्याच्या मनावर! तीन तऱ्हांनी टाकल्यावर सापडायचं, तेही कधी कधी दुसऱ्याच तालुक्यातलं. फोनला मी मराठीत बोलून सांगते, 'शेंदूरजना घाट', आणि तो दाखवतो. रात्री दहाला म्हशीसाठी निघालेल्या माणसाला अक्षरं जुळवत बसायला वेळ आहे का?

आणखी एक. आमच्या त्या यंत्राची तारीख एके दिवशी भलतीच दाखवायला लागली. नंतर कळलं की जीपीएसमध्ये आठवडे १०२४ पर्यंत मोजतात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर नवं केलेलं नव्हतं, त्यांतली काही गोंधळली. सेकंडहँड घेत असाल तर तारीख बघूनच घ्या.

पर्लकोटेच्या काठची मास्तरीण

मी भामरागड भागात शिकवते. मला हा सगळा वादच शहरी वाटतो. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं, हे इथं वर्षानुवर्षं चालत आलंय. पाणी कोणत्या नकाशात दिसतं? पूल रेघेनं काढलेला असतो, यंत्र म्हणतं 'सरळ जा'. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली गेली आणि तिघांचा जीव गेला. नकाशावर तो रस्ता पूर्ण होता.

आमच्याकडे नियम एकच: नाल्याअगोदरच्या गावात थांबायचं, विचारायचं, मग पुढं. डॉक्टर, यंत्राचे पैसे गावोगावच्या चार माणसांच्या फोन रिचार्जला द्या. ते तुम्हाला पाण्याचं खरं सांगतील.

पायथ्याचा पशुवैद्य

मास्तरीणबाई, तुमचं पटतं, दिवसा मी तेच करतो. पण रात्री दोनला कोणाचं दार वाजवू? हरिसालच्या पुढं रस्त्यावर मला माणूस नाही, अस्वल भेटलंय.

आणि वर मेळघाटात विचारूनही भागत नाही. कोरकू गावाचा एकेक ढाणा, म्हणजे वस्ती, लांब लांब असतो. 'गावात आलो' म्हटलं तरी जनावर असतं दोन डोंगर पलीकडे. कोहा, कुंड, बोरी ही व्याघ्र प्रकल्पातली गावं उठून खाली आली, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. माझ्या एका जुन्या नकाशात ती अजून जंगलातच आहेत. नवीन ड्रायव्हर त्या नावामागं गेला तर त्याला वनविभागाचा नाका लागेल आणि तिथून परत फिरावं लागेल. नकाशे-भाऊ, तुमचं म्हणणं आता मला पटायला लागलंय, की भांडण यंत्राशी नाहीच.

सातासमुद्रापार वरुडकर

मी अमेरिकेत असतो, दिवाळीला येतोय. डॉक्टर, इथे चांगली यंत्रं मिळतात. उपग्रहावरून संदेशही पाठवता येतो असं एक येतं, रेंज अजिबात नसली तरी. आणू का?

नकाशे आणि नाले

वरुडकर, कृपा करून आणू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा उपग्रह फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर अशी यंत्रं सापडून लोकांवर गुन्हे दाखल झालेत. साधं यंत्र आणाल तर त्यात भारताचा नकाशा आहे का ते तिथेच विचारा. अमेरिकेत विकतात त्यात बहुतेक वेळा अमेरिकेच्या बाजूचाच असतो.

सातासमुद्रापार वरुडकर

बरं झालं विचारलं. धन्यवाद.

नकाशे आणि नाले

डॉक्टर, आता मुद्द्याचं. तुम्हाला गावं शोधायची गरजच पडू नये. तुमची गिऱ्हाईकं तीच तीच आहेत. ज्या गोठ्यात एकदा गेलात, तिथून निघताना फोनवर बोट दाबून ठेवा आणि बिंदू साठवा. नाव आपल्या भाषेत द्या: 'पथ्रोट, चिंचेजवळचा गोठा'. शंभर-दोनशे बिंदू झाले की तुमच्या भागाचा असा नकाशा तयार होतो जो कोणत्याच कंपनीकडे नाही. ऑस्मअँडमधून ते फाइल म्हणून काढता येतात, उद्या गार्मिन घेतलंत तर त्यातही भरता येतात.

नव्या ठिकाणासाठी डिजिपिन बघा. डाक विभागानं मे २०२५ मध्ये आणलाय. दहा अक्षर-अंकांत सुमारे चार बाय चार मीटरचा चौकोन कळतो. गावाच्या नावाचा घोळच राहत नाही.

पायथ्याचा पशुवैद्य

म्हशीच्या मालकाकडे बटणांचा फोन आहे. तो डिजिपिन कुठून काढणार?

शेंदूरजन्याची संत्री

दूध संकलन केंद्रावरच्या मुलाकडे स्मार्टफोन असतो. सगळे गोठे त्याच्या पायाखालचे असतात. एकदा त्याच्याकडून काढून घ्या.

टॅक्सीवाला वर्धेचा

हे बिंदूचं चांगलं सांगितलं. पण ते फोनवर काहून? बिंदू माह्या यंत्रातही ठेवता येतेच. फोन चालवता चालवता हातात घेतला तं पोलीस पकडते.

नकाशे आणि नाले

नियम थोडा वेगळा आहे दादा. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या मोटार वाहन नियमांत हातातलं यंत्र रस्ता पाहण्यापुरतं वापरायला मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणून स्टँडवर ठेवा आणि ठिकाण निघण्याआधी टाका. ते तुमच्या यंत्रालाही लागू समजा.

पायथ्याचा पशुवैद्य

दोन दिवस विचार केला. ठरलं ते सांगतो.

वेगळं यंत्र सध्या घेत नाही. घरात मुलीचा जुना फोन पडून आहे, सिम काढून तो कायमचा गाडीत ठेवला. त्यावर कोणाचा फोन येणार नाही, नकाशा जागचा हलणार नाही. म्हणजे टॅक्सीवाल्या दादांचा निम्मा मुद्दा त्यात आला. उरलेला निम्मा उन्हाचा, आणि तिथं दादांचंच बरोबर आहे. फोन काचेवरून काढून खाली एसीच्या जाळीला लावलाय. मे महिन्यात तो बंद पडला तर दादांचं ऐकून यंत्र घेईन, हे इथं लिहून ठेवतो.

काल पथ्रोटला गेलो होतो, त्याच वस्तीवर. मालकानं नवी म्हैस घेतलीय, तिला लस द्यायची होती. येताना त्या पांदणीच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि ऑरगॅनिक मॅप्स उघडलं. त्यातला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, तो आपल्याला दुरुस्त करता येतो हे नकाशे-भाऊंनी मला फोनवर शिकवलं. तिथं ती पांदण साध्या गावरस्त्याची होती. मी ती ओपनस्ट्रीटमॅपवर शेतवाट केली, मातीची, आणि पावसात गाडी जात नाही अशी टीप घातली. दुसऱ्या ॲपला मात्र 'हा रस्ता चुकीचा आहे' असं कळवलंय, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

अंजनगाव आणि दर्यापूर भागातल्या कोणाला अशा आणखी पांदणी माहीत असतील, ज्या नकाशात रस्ता म्हणून दिसतात, तर इथं लिहा. कोणत्या फाट्यावरून वळतात आणि नाला कुठं आडवा येतो एवढं पुरे. मी जाऊन बघून दुरुस्त करीन.

टॅक्सीवाला वर्धेचा

मी मेमध्ये विचारतोच तुमाले. दर्यापूरकडं माह्या साळ्याचं गाव आहे, तिथं तीन पांदणी अशा आहेत. सकाळी त्याले विचारून टाकतो.