मदत हवी आहे: साहेबांना कळेल असा आलेख पोरांना कसा शिकवायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पीएचडी करणाऱ्या आठ-दहा पोरांना दोन दिवस आलेख काढायला शिकवायचंय; जर्नलसाठी नव्हे, धोरण ठरवणाऱ्यांसाठी. सरावाला पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी घेतलीय.

परवा एकीनं आलेख आणला. बारा रंगांच्या बारा रेघा, उभा अक्ष मीटरमध्ये, आणि ३९ फुटांची इशारा पातळी, ४३ ची धोका पातळी कुठंच नाही! अगं, इथं शाळकरी पोरगंसुद्धा पाणी फुटातच मोजतंय.

लाल-हिरवं शेजारी नको, शीर्षकातच मुद्दा सांगा, एवढं मी शिकवते. अडतंय ते अंदाजातली अनिश्चितता दाखवताना. रेघेभोवती फिकट पट्टा काढला की साहेब विचारतात, "म्हणजे नक्की किती फूट?"

कुणी हे शिकवलंय का? मराठीतले नमुने असतील तर पाठवा की.