शनिवारचं पत्र दोनदा येतंय

प्रेषक: टोरंटोहून, मूळची दांडिया बाजारची

सर्वांना नमस्कार,

मंडळाचं 'या आठवड्याचे कार्यक्रम' हे पत्र मला दर वेळी दोनदा येतं. इथल्या शुक्रवारी रात्री साडेआठला पहिलं आणि मध्यरात्रीनंतर दोनला दुसरं. मजकूर तोच, काना-मात्रेचाही फरक नाही. रात्री दोनला फोन वाजला की आधी आईच मनात येते, बडोद्याहून या वेळी काय आलं असेल म्हणून छातीत धस्स होतं. पत्र बंद करू नका, मी ते शब्दन् शब्द वाचते. फक्त एकदाच येऊ द्या.

प्रेषक: वेबसाइटचं काम पाहणारा, वडोदरा

ताई,

तुमचं नाव यादीत एकदाच आहे, आत्ताच पाहिलं. मागे अशीच तक्रार आली तेव्हा मी दोनदा नोंदलेली नावं काढून टाकली आणि प्रश्न सुटला असं धरून बसलो. ते चुकलंच माझं.

एक मदत हवी. दोन्ही पत्रं कॉम्प्युटरवर उघडा (मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही), उजवीकडच्या तीन ठिपक्यांमधून 'शो ओरिजिनल' निवडा. त्यात 'मेसेज-आयडी' नावाची ओळ असते. ती दोन्हीकडे सारखी असेल तर पत्र एकदाच निघालं आणि वाटेत त्याची दुसरी प्रत झाली. वेगळी असेल तर आपल्याकडूनच दोनदा निघालं. 'रिसिव्ह्ड' अशा बऱ्याच ओळी दिसतील, त्यातली सगळ्यात खालची मला पाठवा. पत्राचा प्रवास तिथून सुरू होतो.

आणि सगळ्यांनाच विनंती, वैतागून 'स्पॅम'वर बोट ठेवू नका. अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं जीमेलचं मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना सांगणं आहे. आपली यादी छोटी, दोघातिघांनी ते बटण दाबलं तरी हे प्रमाण ओलांडलं जातं. मग गणेशोत्सवाची निमंत्रणंही स्पॅममध्ये जाऊन पडतील.

प्रेषक: अलकापुरीहून

मलाही दोन येतात, पण दोन्ही सकाळी सहालाच. मी तर गेल्या महिन्यातच नाव नोंदवलं.

प्रेषक: कारेलीबागेतून

चि. वेबसाइटवाल्यास आशीर्वाद,

यांचं नाव यादीतून काढा म्हणून मी चैत्रात आणि पुन्हा ज्येष्ठात लिहिलं होतं. काढलं असं तुम्ही दोन्ही वेळा कळवलंत. तरी शनिवारी साडेअकराला यांच्या नावाने पत्र येतंच. बँकेच्या कामासाठी मला यांचं खातं उघडावं लागतं. वर 'आदरणीय' लिहून यांचं नाव असतं. तेवढं थांबवा.

प्रेषक: वेबसाइटचं काम पाहणारा, वडोदरा

काकू, काल तुमचं पत्र वाचलं आणि रात्री बसून हे काम संपवूनच उठलो. काय झालं होतं ते सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला दोनदा 'काढलं' म्हणणारा मीच होतो.

ताईंच्या दोन्ही पत्रांचे मेसेज-आयडी वेगळे निघाले आणि खालच्या 'रिसिव्ह्ड' ओळींत सर्व्हरही वेगवेगळे. एक आपला नवा. दुसरा जुना, जिथून आपण होळीनंतर साइट हलवली. हलवताना आपण प्रत नव्या जागी नेली, पण जुन्या जागची तशीच राहिली. वर्षाचे पैसे भरलेले असल्याने ती जागाही चालूच होती.

आपली साइट वर्डप्रेस या प्रणालीवर चालते. तिची वेळेवर करायची कामं एरवी कोणी साइट उघडली की होतात. पहाटे कोण उघडणार, म्हणून मीच पूर्वी जुन्या सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय, लावला होता. साइट बघायला कुणी येवो न येवो, तो आपलं काम करत राहिला. कार्यक्रम दोन्ही प्रती एकाच गूगल कॅलेंडरमधून उचलतात, म्हणून जुन्या प्रतीचं पत्रही ताजंच दिसायचं.

खरं तर वेळेवरूनच मला कळायला हवं होतं. सहा आणि साडेअकरा (ताईंकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ आणि दोन) यांत साडेपाच तासांचं अंतर आहे आणि भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, तेवढीच पुढे आहे. जुन्या साइटचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणून पूर्वी पत्र साडेअकरालाच यायचं. नव्या जागी मी टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारताची वेळ, केला आणि ते सहाला येऊ लागलं. साडेअकराचं मात्र थांबलं नाही.

काकूंच्या बाबतीत घडलं ते असं. नाव मी नव्या यादीतून काढलं, जुन्या यादीत ते राहिलं. पत्राखालच्या 'नाव वगळा'वर टिचकी मारूनही उपयोग नव्हता, कारण तो दुवा नव्या साइटवरच जातो. हे इतरही कुणाच्या बाबतीत घडलं असेल तर मला कळवा, मी स्वतः फोन करीन.

आता काय केलं. पत्र पाठवणाऱ्या खात्याचा पासवर्ड सगळ्यात आधी बदलला. दोन्ही साइट त्याच खात्यातून पाठवत होत्या, त्यामुळे जुनीचा रस्ता तिथेच बंद झाला. मग क्रॉन काढला. फोटोंचा बॅकअप घेतला आणि जुनी प्रत तिच्यातल्या पत्त्यांच्या यादीसकट पुसली. लोकांचे पत्ते असे बेवारशी पडून राहणं मला दोनदा येणाऱ्या पत्रापेक्षाही जास्त टोचतं.

अलकापुरीचे काका, तुमचं कारण निराळं. तुमचा पत्ता यादीत एकदा मधल्या टिंबासह आहे आणि एकदा टिंबाशिवाय. जीमेल ते टिंब मोजत नाही, दोन्ही पत्रं एकाच पेटीत टाकतं. आपली साइट मात्र त्यांना दोन माणसं समजते. एक नोंद काढली.

प्रेषक: टोरंटोहून

साडेआठला एक आलं. रात्री फोन वाजला नाही, सकाळी उठून पाहिलं तरी दुसरं नव्हतं. मनापासून आभार.

प्रेषक: कारेलीबागेतून

आज शनिवार. दुपारचे दोन वाजले. यांच्या खात्यात काही आलेलं नाही. माझ्या खात्यात पत्र आलं, ते वाचलं. रविवारच्या भजनाला येते.